गाठ दिसली, मग तिसरा स्कॅन कशाला?

गुहागरकडच्या एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे, नारळ-सुपारीची बाग सांभाळणारे. महिन्यापूर्वी अचानक उजवा हात उडायला लागला, दोन-तीन मिनिटं शब्द फुटेना, मग आपोआप सगळं ठीक. चिपळूणला सीटी स्कॅन केला, डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, देऊन एमआरआय केला. तो घेऊन मुंबईच्या सर्जनकडे गेले तर ते म्हणाले, अजून एक एमआरआय करून आणा, त्यात फंक्शनल, ट्रॅक्टोग्राफी आणि परफ्यूजन हवं, मग केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवू. मुलाचं म्हणणं, ‘गाठ दिसतेय ना, मग पुन्हा तेच कशाला? हा पैसे काढायचा प्रकार तर नाही? आणि पाच डॉक्टर बसून काय ठरवणार? तोवर गाठ वाढली म्हणजे?’

मी रेडिओलॉजिस्ट आहे. मुंबईत मेंदूच्या स्कॅनच्या कामात बरीच वर्षं काढली आणि आता रत्नागिरीत सीटी-एमआरआयचे रिपोर्ट करते. तुमच्या बाबांचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे गाठ कसली आहे हे इथे बसून सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तुम्ही जे वर्णन केलंत त्यावरून एवढं नक्की म्हणेन, की सर्जननी मागितलेला एमआरआय हा आधीच्याची पुनरावृत्ती नाही. मशीन तेच, पण विचारायचा प्रश्न वेगळा. तुमची खरी अडचण मला अशी दिसते, की दोन्ही तपासण्यांच्या वेळी त्या कशासाठी आहेत हे तुम्हाला कुणी बसून सांगितलंच नाही. मग तिसरीचं नाव काढल्यावर संशय येणारच.

आधी घाईचं बोलू. बाबा सध्या चालते-बोलते असतील, जेवण-झोप ठीक असेल, फिटच्या गोळ्यांवर झटके थांबले असतील, तर आठ-दहा दिवस नीट तयारीत घालवण्याने बहुतेक वेळा नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो. मात्र सकाळी उठल्यावर डोकं जोरात दुखून उलट्या होणं, गुंगी येणं, हाका मारल्यावर उशिराने ओ देणं, हात-पाय दिवसागणिक कमजोर होणं, किंवा एक फिट संपायच्या आत दुसरी येणं, यातलं काहीही दिसलं तर मुंबईची अपॉइंटमेंट विसरा. जिथे न्यूरोसर्जन आहे असं सर्वांत जवळचं ठिकाण गाठा. चिपळूण-गुहागरच्या लोकांना बरेचदा कुंभार्ली घाट चढून कराड जवळ पडतं, रत्नागिरीकरांना आंबा घाटाने कोल्हापूर, सिंधुदुर्गातल्यांना गोव्यातलं बांबोळी. अशा वेळी ट्रॅक्टोग्राफी वगैरे काही नको. डोक्यातला दाब उतरवणं हेच काम.

आता सीटीकडे. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला, तोही मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या रुग्णाचा. तेव्हापासून आजवर सीटीचं पहिलं काम बदललेलं नाही. दोन-चार मिनिटांत रक्तस्राव आहे का, पाणी साचलंय का, काही जागा अडवून बसलंय का, ते सांगायचं. चिपळूणच्या सीटीने ते केलं. पण गाठ कशाची, तिची कड कुठे संपते, सूज किती आणि गाठ किती, हे सीटीत धूसर असतं. त्यासाठी पहिला एमआरआय.

या पहिल्या एमआरआयमध्येच आपल्याकडे एक असा प्रश्न असतो जो पाश्चात्त्य पुस्तकांत तळटीपेत जातो. मेंदूत कॉन्ट्रास्टने कडीसारखी उजळणारी प्रत्येक गोष्ट कॅन्सर नसते. आपल्या देशात टीबीची गाठ असते, जंताच्या अंड्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसरकोसिस असतो, पूही असू शकतो. जंताची गाठ बहुधा २० मिलिमीटरपेक्षा लहान, गोल, आजूबाजूला फारशी ढकलाढकल न करणारी. टीबीची त्याहून मोठी, वेडीवाकडी असू शकते. पू असेल तर डिफ्यूजन नावाच्या सिक्वेन्समध्ये आतला भाग लख्ख पांढरा दिसतो. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गाठीतल्या रसायनांचा आलेख काढला तर, टीबीच्या गाठीत चरबीचा उंच सुळका दिसण्याची शक्यता जास्त. यातलं एकेक लक्षण एकटं फसवं असतं, सगळी एकत्र ठेवली की चित्र लागतं. शिवाय ६१ वर्षांचा माणूस विडी-सिगरेट ओढणारा असेल तर गाठ फुप्फुसातून आलेली असू शकते. म्हणून डोक्याच्या गाठीसाठी छातीचा सीटी सांगितला तर दचकू नका.

एक गोष्ट मी दर वेळी ओरडून सांगते, इथेही सांगते. डोक्यात सूज दिसली की डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड सुरू होतं, आणि बहुतेक गाठींत ते योग्यच असतं, दोन दिवसांत माणूस उठून बसतो. पण मेंदूतला लिम्फोमा नावाचा एक प्रकार स्टेरॉइडने विरघळल्यासारखा लहान होतो. मग बायोप्सीत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, धड काही सापडत नाही आणि निदान लटकतं. एमआरआयवरून लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल, तर बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड थांबवून ठेवतात. म्हणून बाबांना स्टेरॉइड कोणत्या तारखेला, किती सुरू झालं, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. सुरू असेल तर स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

तर आता मागितलेल्या दुसऱ्या एमआरआयची गोष्ट. उजवा हात उडाला आणि वाचा अडली, याचा अर्थ गाठ डाव्या बाजूला हात हलवणाऱ्या आणि बोलणं घडवणाऱ्या भागाच्या शेजारी कुठेतरी आहे. सर्जनला आता ‘गाठ आहे का’ हे विचारायचं नाहीये. त्यांना विचारायचंय, की आत शिरायचं कुठून, किती काढायचं आणि कुठे थांबायचं, म्हणजे बाबा ऑपरेशननंतर सुपारी सोलू शकतील आणि तुमच्या आईशी बोलू शकतील. उजव्या कपाळामागे अशीच गाठ असती तर कदाचित हा एमआरआय मागितलाच नसता.

फंक्शनल एमआरआयचं तत्त्व शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवलं. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे प्राणवायू असलेलं रक्त जास्त धावतं आणि त्याने एमआरआयचा सिग्नल किंचित बदलतो. प्रत्यक्षात ते असं होतं. बाबा मशीनमध्ये आडवे. कानात हेडफोन. सांगितलं जातं, उजव्या हाताची बोटं अंगठ्याला टेकवत राहा. वीस-तीस सेकंदांनी थांबा. पुन्हा सुरू. मग शब्दांची पाळी. काही ठिकाणी परदेशी चित्रांचा संच दाखवतात, त्यात बर्फाचा माणूस असतो. आमच्या बागायतदाराने किंवा खलाशाने त्याला काय म्हणायचं? मी विळी, आडकित्ता, फणस, होडी, कंदील अशी चित्रं ठेवायची. आणि अक्षर देऊन शब्द आठवायला सांगण्याऐवजी, विशेषतः ज्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालंय त्यांना, मासळीची नावं मनातल्या मनात घ्या म्हणायची. बांगडा, सुरमई, तारली, मोरी. एका दर्यावर्दी आजोबांना थांबा म्हटलं तरी थांबेनात, कारण यादी संपली नव्हती, आणि तो सगळा भाग पुन्हा करावा लागला.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. झोपेचं इंजेक्शन देऊन फंक्शनल एमआरआय होत नाही, माणूस जागा आणि सहकार्य करणारा लागतो. तेव्हा आदल्या संध्याकाळी घरीच सराव करून घ्या, डोकं न हलवता बोटं टेकवणं, ओठ न हलवता नावं घेणं. दुसरं, बाबा घरात कोणत्या बोलीत बोलतात ते आधी सांगा. घरी बोली आणि बाजारात प्रमाण मराठी, किंवा मुंबईत नोकरी केलेल्यांची हिंदी, हे सगळं मेंदूत अगदी एकाच ठिकाणी बसलेलं असेलच असं नाही. पुढे जागेपणी ऑपरेशन करायचं ठरलं तर हे आणखी महत्त्वाचं. त्यात कवटी उघडल्यावर रुग्णाला जागं करून बोलतं ठेवतात आणि सर्जन मेंदूच्या पृष्ठभागाला अगदी मंद विद्युतप्रवाह देत जातो. एखाद्या जागी शब्द अडला की ती जागा सोडायची. तिथे समोर बसलेल्या थेरपिस्टला बाबांची बोली कळली पाहिजे, नाहीतर बरोबर उत्तर चूक धरलं जाईल.

आणि हो, फंक्शनल एमआरआय म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. गाठीच्या आसपासच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असल्या तर मेंदू काम करत असूनही तिथे उजेड दिसत नाही. म्हणून तो वाट आखायला वापरायचा. शेवटचा शब्द ऑपरेशन टेबलवरच्या त्या प्रत्यक्ष चाचणीचा.

ट्रॅक्टोग्राफीत मेंदूतल्या तारा दिसतात. पाण्याचे कण मज्जातंतूंच्या जुडग्याच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे कमी, त्यावरून संगणक त्या जुडग्यांचा मार्ग काढतो. हात-पाय हलवणारा मार्ग गाठीने बाजूला ढकललाय, की गाठ त्यातच शिरलीय? ढकलला असेल तर सर्जनला हात मोकळा. शिरली असेल तर तो भाग मागे ठेवून रेडिएशनवर सोडायचा निर्णय आधीच होतो, आणि घरच्यांना ‘सगळी का नाही काढली’ हा प्रश्न ऑपरेशननंतर पडत नाही.

परफ्यूजन हे रक्तपुरवठ्याचं मोजमाप. जोरात वाढणारी गाठ नवीन रक्तवाहिन्या काढते, तिथे रक्ताचं प्रमाण जास्त दिसतं. फक्त बायोप्सीच करायची असेल तर सुई कुठे घालायची हे यावरून ठरतं, नाहीतर त्याच गाठीच्या सौम्य कोपऱ्यातला तुकडा निघायचा आणि रिपोर्ट खोटा दिलासा द्यायचा. याच फेरीत एक मिलिमीटरच्या पातळ स्लाइसही घेतात, त्या नॅव्हिगेशनसाठी. सर्जनच्या हातातलं अवजार मेंदूत नेमकं कुठे टेकलंय ते पडद्यावर त्या स्कॅनवर दिसत राहतं.

पण नॅव्हिगेशनलाही मर्यादा आहे. कवटी उघडली, आतलं पाणी वाहून गेलं, थोडी गाठ निघाली की मेंदू काही मिलिमीटर, कधी त्याहून जास्त खाली बसतो. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा पावसाळ्यात सरकलेला असतो, म्हणून तांडेल गेल्या वर्षीच्या खुणांवर होडी आत घालत नाही, तसंच हे. कालच्या स्कॅनवर आजचं शेवटचं टोक काढता येत नाही. त्यासाठी काही केंद्रांत ऑपरेशन चालू असतानाच अल्ट्रासाउंड करतात, मोजक्या ठिकाणी थिएटरमध्येच एमआरआय असतो. दुसरा मार्ग म्हणजे ऑपरेशनच्या काही तास आधी ५-एएलए नावाचं औषध प्यायला देतात आणि निळ्या उजेडात आक्रमक गाठ गुलाबी-लाल चमकते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत या औषधाने कॉन्ट्रास्ट घेणारी गाठ पूर्ण निघालेल्या रुग्णांचं प्रमाण ६५ टक्के होतं, साध्या उजेडात ३६ टक्के. सौम्य दर्जाच्या गाठी सहसा अशा चमकत नाहीत, तेव्हा ते औषध सगळ्यांसाठी नाही.

आता तुमचा तो पाच डॉक्टरांचा प्रश्न. ट्यूमर बोर्डात न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, रेडिएशनवाले आणि किमोवाले असे बसतात. एकाला कळत नाही म्हणून पाच बसतात असं नाही. प्रत्येकाला गाठीची वेगळी बाजू दिसते आणि एकट्याने ठरवलं तर प्रत्येकाचा कल आपल्या हत्याराकडे जातो, मी माझ्याबद्दलही हेच म्हणेन. मी पडद्यावर दाखवते की कड इथे संपत नाही, सूज म्हणून दिसणाऱ्या भागातही पेशी शिरलेल्या असू शकतात. सर्जन सांगतो की तिथपर्यंत गेलो तर वाचा जाईल. रेडिएशनवाला म्हणतो, तेवढा भाग मी घेतो. ही देवाणघेवाण दहा मिनिटांची असते, पण बाबांचं पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. कधी बोर्ड ऑपरेशन नकोच म्हणतो. वयस्क माणसाच्या डोक्यात योगायोगाने सापडलेला लहान मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी बहुधा सौम्य गाठ, असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून नुसतं बघत राहणं हाही पक्का निर्णय असतो.

बोर्डाची गरज गेल्या काही वर्षांत वाढली त्याला आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०१६ पासून, आणि २०२१च्या पाचव्या आवृत्तीत आणखी ठामपणे, गाठीचं नाव फक्त मायक्रोस्कोपखाली ठरत नाही, जनुकांवरून ठरतं. आयडीएच हे जनुक बदललेलं आहे का, १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे गळालेत का, हे कळल्याशिवाय ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून होणाऱ्या गाठीचं, पूर्ण नाव लिहिता येत नाही. एमजीएमटी या जनुकावरून टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्यांचा उपयोग किती होईल याचा अंदाज येतो. स्कॅनवर मला आयडीएचचा अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर उपचार होत नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या, की तुकडा कुठे तपासला जाईल, आणि पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, जपून ठेवला जाईल ना. कोकणातून येणाऱ्यांच्या बाबतीत ब्लॉक एका गावी, स्लाइड दुसऱ्या गावी आणि रुग्ण तिसऱ्या, असं सर्रास होतं.

ऑपरेशननंतरचा एक एमआरआय ४८ ते ७२ तासांच्या आत होतो, त्यालाही नाही म्हणू नका. नंतर जखमेचा व्रणच कॉन्ट्रास्ट घ्यायला लागतो आणि उरलेली गाठ कोणती, व्रण कोणता हे ओळखता येत नाही. तसंच रेडिएशन-किमो संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत स्कॅनमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि ती वाढ खरी नसते, उपचाराची प्रतिक्रिया असते. त्या वेळी नुसता ताजा स्कॅन पाहून घाबरणं आणि औषध बदलणं चूक ठरतं. तिथे कामी येतं ते परफ्यूजन, काही वेळा अमिनो आम्लावर आधारित पेट स्कॅन (शरीरात सोडलेला किंचित किरणोत्सारी पदार्थ कुठे गोळा होतो ते दाखवणारा), आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं म्हणजे आधीचे सगळे स्कॅन शेजारी ठेवून बघणं. मेंदू मुळातच साखर भरपूर खातो, त्यामुळे नेहमीच्या साखरेच्या पेट स्कॅनचा इथे उपयोग कमी.

अनेक रुग्णालयांनी हातमिळवणी केली की काय होतं याचं एक उदाहरण. २०२२ साली ६ खंडांतल्या ७१ संस्थांनी ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या ६,३१४ रुग्णांच्या स्कॅनवर गाठीची कड आखणारी संगणकप्रणाली शिकवली. एकाही रुग्णाचा स्कॅन आपल्या रुग्णालयाबाहेर गेला नाही, प्रणालीच एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरली. ती निदान करत नाही, गाठीचा आकार न कंटाळता मोजते, आणि कड ओळखायला माझ्यासारखीला मदत करते. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, त्यात देशभरातली तीनशेहून जास्त केंद्रं आहेत आणि अवघड केस ऑनलाइन बोर्डापुढे मांडायची सोय आहे. म्हणजे दर चर्चेला रुग्णाने मुंबईला यायलाच हवं असं राहिलेलं नाही. स्कॅन गेला तरी चालतो.

पण स्कॅन जायला हवा, स्कॅनचा फोटो नव्हे. खिडकीला धरून मोबाइलने काढलेल्या फिल्मवर कुणीही गंभीरपणे मत देऊ शकत नाही. सेंटरमधून सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइली मागा, निघण्यापूर्वी त्यांच्याच काउंटरवर उघडून बघा आणि दोन प्रती करा. सीडी रिकामी निघाली हे मुंबईत ओपीडीच्या रांगेत कळणं फार वाईट. आणि सर्जनना सरळ विचारा, की फक्त फंक्शनल, ट्रॅक्टोग्राफी, परफ्यूजन आणि नॅव्हिगेशनच्या स्लाइस तेवढ्याच नव्याने करू का, की पहिला सगळा पुन्हा हवा? पहिला चांगला आणि ताजा असेल तर खर्च आणि वेळ दोन्ही वाचू शकतं. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन बहुतेक कामांना पुरतं. फंक्शनलसाठी ३ टेस्ला असेल तर बरं, पण त्यापेक्षा ते करणारा माणूस रोज करणारा आहे का, हे महत्त्वाचं. माझ्या मते फंक्शनल जिथे ऑपरेशन होणार तिथेच करावं. नंतरचे तपासणीचे स्कॅन जवळच्या सेंटरवर करायला हरकत नाही, फक्त दर वेळी त्याच मशीनवर आणि त्याच पद्धतीने.

खर्चाबद्दल: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणती तपासणी आणि कोणता उपचार बसतो हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. निदान कॅन्सरचं निघालं तर रेल्वेच्या भाड्यात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत असते, त्याचा फॉर्म उपचार करणारं रुग्णालय भरून देतं. रेडिएशन लागलं तर साधारण सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस जावं लागतं, तेव्हा राहायची सोय नातेवाइकांशी आत्ताच बोलून ठेवा. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच केंद्र, पनवेलला उतरलं की तिथून जवळ.

बाबांना किती दिवस मिळतील असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाव न ठरलेल्या गाठीचे आकडे मी देणार नाही. टीबीची गाठ, मेनिन्जिओमा आणि ग्लायोब्लास्टोमा यांचे आकडे एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. बायोप्सी आणि जनुकांचा रिपोर्ट हातात आला की हा प्रश्न बोर्डातल्याच डॉक्टरांना विचारा, आणि बाबा ऐकायला तयार असतील तर त्यांच्यासमोर विचारा.

एमआरआयच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, कॉन्ट्रास्टसाठी मूत्रपिंड ठीक असल्याचं बघतात. पेसमेकर असेल किंवा पूर्वी वर्कशॉपात, बोटीच्या इंजिनावर काम करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल तर आधीच सांगा. कवळी, ताईत, धातूचा करगोटा घरीच काढून ठेवा. आणि उपाशी यायला सांगितलं म्हणून सकाळची फिटची गोळी चुकवू नका. घोटभर पाण्याबरोबर ती घ्यायची का, हे आदल्या दिवशी सेंटरला फोन करून विचारा. बहुतेक ‘घ्या’ म्हणतील.